‘अज्ञात इसमांकडून’: एजफील्डचे मृत्यूचौकशीचे कागद कसे वाचावेत

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की अमेरिकेतल्या एका आडबाजूच्या जिल्ह्यात दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कोण कसं मेलं याच्याशी आपला काय संबंध. संबंध आहे, आणि शेवटाकडे आपण तिथे येऊच. पण आधी तिथली गोष्ट तिथलीच म्हणून समजून घेऊ.

साउथ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम सीमेवर, सव्हाना नदीच्या अलीकडे एजफील्ड नावाची काउंटी आहे. 1868 पर्यंत तिला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणत. कापसाचा मुलूख. यादवी युद्धाच्या आधी इथल्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती. या काउंटीने राज्याला दहा गव्हर्नर दिले असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. आणि या काउंटीची दुसरी ओळख म्हणजे रक्तपात. 22 मे 1856 रोजी अमेरिकेच्या सिनेटच्या सभागृहात चार्ल्स समनर या गुलामगिरीविरोधी सिनेटरला काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारणारा प्रेस्टन ब्रुक्स हा एजफील्डचा. त्याला शिक्षा काय झाली? तीनशे डॉलर दंड. त्याने राजीनामा दिला आणि मतदारांनी त्याला पुन्हा निवडून पाठवलं.

तेव्हा एजफील्ड म्हटलं की इतिहासकार एक शब्द काढतात: ऑनर. आपण ‘इभ्रत’ म्हणू. बर्ट्रम वायट-ब्राउन यांनी 1982 साली दक्षिणेतल्या इभ्रतीवर मोठा ग्रंथ लिहिला. 1995 मध्ये फॉक्स बटरफील्ड या पत्रकाराने न्यूयॉर्कमधल्या एका तरुणाच्या खुनांचा माग काढत थेट एजफील्ड गाठलं आणि म्हटलं, की हिंसेची ही परंपरा इथून निघाली. दोन्ही पुस्तकं मेहनतीची आहेत. आमचा आक्षेप एवढाच, की इभ्रतीने स्पष्टीकरण मिळतं ते मारणाऱ्याचं. ब्रुक्सने काठी का उचलली हे कळतं. पण मेलेल्याचं काय झालं, त्याच्या मरणाला काय म्हटलं गेलं, कोणी म्हटलं, याबद्दल इभ्रतीचा सिद्धांत गप्प असतो. आणि मेलेल्यांत द्वंद्वयुद्ध खेळणारे सद्गृहस्थ थोडेच होते. नदीत बुडालेले होते, दारू पिऊन पडलेले होते, नवजात बाळं होती, फटके खाऊन मेलेले गुलाम होते. त्यांना इभ्रत कुठली? त्यांच्यासाठी आपल्याला वेगळे कागद वाचावे लागतात.

ते कागद म्हणजे कॉरोनरच्या चौकशीचे, इन्क्वेस्टचे. कॉरोनर हे पद इंग्लंडमध्ये 1194 साली निर्माण झालं आणि इंग्रजी कायदा जिथे गेला तिथे तेही गेलं. पद्धत साधी. कोणी अकस्मात किंवा संशयास्पद मेला, की कॉरोनरला वर्दी जायची. हा कॉरोनर डॉक्टर असायलाच हवा असं नाही, बहुतेकदा नसायचाच. तो आजूबाजूचे डझनभर पुरुष ज्युरी म्हणून गोळा करायचा. सगळे उभे राहून प्रेत बघायचे. डॉक्टर मिळाला तर तो तपासायचा. साक्षीदारांना शपथ देऊन त्यांचं म्हणणं लिहून घेतलं जायचं. मग ज्युरी ठरवायची: हा माणूस अमुक कारणाने मेला. आणि सगळे सही करायचे, ज्याला लिहिता येत नाही तो फुली मारायचा. काही समजलं नाही, तर एक जुना शब्दप्रयोग तयार होता: ‘देवाच्या आगमनाने’ मेला. म्हणजे देव आला आणि घेऊन गेला.

जॉर्जिया विद्यापीठातले इतिहासकार स्टीफन बेरी यांनी साउथ कॅरोलायनातल्या काही काउंट्यांमधले 1800 ते 1900 या काळातले 1,582 इन्क्वेस्ट जमवून इंटरनेटवर खुले केले. फार मोलाचं काम आहे. आपल्यापैकी कोणीही घरी बसून ते कागद चाळू शकतो. पुढे 2022 मध्ये ‘काउंट द डेड’ या पुस्तकात त्यांनी असं मांडलं, की माणसाचं आयुष्य वाढलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपण मेलेल्यांची नीट मोजणी करायला लागलो. हे म्हणणं विचार करण्यासारखं आहे आणि आम्ही त्याकडे परत येणार आहोत.

पण या प्रकल्पाला त्यांनी नाव दिलं ‘सीएसआय डिक्सी’. डिक्सी म्हणजे दक्षिणेचं लाडकं नाव, आणि सीएसआय ही टीव्हीवरची गुन्हेतपासाची मालिका. नाव चटकदार आहे, पण दिशाभूल करणारं आहे. का, ते सांगतो. टीव्हीवरच्या तपासात खुनी कोण हे माहीत नसतं. केस, रक्त, तंतू गोळा करून ते शोधायचं असतं. एजफील्डसारख्या काउंटीत हा प्रश्न क्वचितच असायचा. कोणी मारलं हे पंचक्रोशीला माहीत असायचं. पुष्कळदा मारणारा तिथेच, ज्युरीच्या समोर उभा असायचा. ज्युरीपुढे प्रश्न वेगळा होता: जे घडलं ते आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे, आता त्याला म्हणायचं काय? खून म्हणायचं, अपघात म्हणायचं, का देवाची करणी म्हणायचं? इन्क्वेस्ट हा शोध कमी आणि नामकरण जास्त. आणि नामकरण करणारे ते बाराजण उद्यापासून त्याच माणसाच्या शेजारी राहणार होते, त्याच्याकडून उधार घेणार होते, त्याच चर्चमध्ये बसणार होते. हे एकदा ध्यानात घेतलं की कागद वाचायची पद्धत बदलते.

आता कायदा बघू. साउथ कॅरोलायनाच्या 1740 च्या कायद्यात गुलामाला जाणूनबुजून ठार मारलं तर सातशे पौंड दंड होता. रागाच्या भरात किंवा ‘शिस्त लावताना’ मेला तर साडेतीनशे. 1821 मध्ये जाणूनबुजून केलेल्या खुनाला फाशी आली. ऐकायला सुधारणा वाटते. पण रागाच्या भरात मारलं तर जास्तीत जास्त पाचशे डॉलर आणि सहा महिने कैद, ही वाट उघडीच राहिली. त्याहून महत्त्वाचं कलम 1740 च्या कायद्यातच आहे. गोऱ्या साक्षीदाराच्या गैरहजेरीत गुलामाला इजा झाली किंवा तो मेला, तर मालक दोषी धरला जाईल. छान! पण पुढे काय? मालकाने स्वतःच्या शपथेवर आपण निर्दोष आहोत असं सांगितलं तर तो सुटेल. आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्या गुलामांची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात चालत नव्हती. म्हणजे बघा, आरोपीची शपथ चालते आणि प्रत्यक्षदर्शीची चालत नाही. ज्ञानमीमांसेत आपण प्रमाणांची चर्चा करतो, शब्दप्रमाण केव्हा मानावं, आप्त कोणाला म्हणावं. इथे आप्त कोण हे कातडीच्या रंगावरून आधीच ठरलेलं होतं. चौकशी सुरू व्हायच्या आधी अर्धी चौकशी संपलेली होती.

उरलेली अर्धी ‘कारण’ या शब्दात संपायची. आपल्या बोलण्यात दोन शब्द आहेत, कारण आणि निमित्त. आपण म्हणतो, मरणाला काहीतरी निमित्त लागतं. ताप निमित्ताला, पाय घसरणं निमित्ताला. हे दोन शब्द वेगळे का ठेवले आहेत? कारण एका घटनेमागे शंभर गोष्टी असतात आणि त्यातली एक उचलून आपण तिला ‘कारण’ म्हणतो. हार्ट आणि ऑनोरे यांनी 1959 च्या ‘कॉझेशन इन द लॉ’ या ग्रंथात ही निवड कशी होते ते दाखवलं. त्यांचं उदाहरण बागेतल्या फुलांचं आहे. माळ्याने पाणी घातलं नाही म्हणून फुलं मेली असं आपण म्हणतो. शेजाऱ्यानेही घातलं नव्हतं, पण त्याला कोणी कारण म्हणत नाही, कारण पाणी घालणं त्याचं नेहमीचं काम नव्हतं. जे नेहमीचं, ते पार्श्वभूमीत जातं. जे नेहमीपेक्षा वेगळं, ते कारण ठरतं.

आता हे एजफील्डला लावून बघा. जिथे चाबूक रोजचा आहे तिथे चाबूक पार्श्वभूमीत जाणार. मग त्याच दिवशी फटके खाल्लेला माणूस मेला तर कारण काय शोधायचं? त्याचं हृदय कमजोर होतं, त्याने थंड पाणी प्यायलं, त्याला आधीपासून दुखणं होतं. ज्युरीने खोटंच लिहिलं पाहिजे असं काही नाही. मंडळी, हा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बारा प्रामाणिक माणसं, शपथ घेऊन, मनापासून चुकीचं नाव देऊ शकतात. त्यांना खोटं बोलावं लागत नाही. काय नेहमीचं आहे याबद्दल त्यांचं एकमत असलं की पुरे.

याचं एक उदाहरण बाळांचं आहे. गुलाम स्त्रियांची तान्ही मुलं रात्री झोपेत मेली की नोंद व्हायची, ‘आईखाली गुदमरून’. म्हणजे आई निष्काळजी, झोपेत कूस बदलली आणि मूल दडपलं. मालक हेच म्हणायचे, डॉक्टर हेच म्हणायचे. काहींनी तर त्यात आयांनी मुद्दाम केलेली हत्या पाहिली. 1850 पासून जनगणनेबरोबर मृत्यूंच्याही याद्या व्हायला लागल्या, त्यांतही हेच कारण पुन्हा पुन्हा येतं. 1981 मध्ये मायकेल जॉन्सन या इतिहासकाराने याच याद्या घेऊन विचारलं, आयांचा खरंच दोष होता का? मेलेल्या बाळांचं वय काय, महिने कुठले, हे मांडल्यावर दिसलं की हा आकृतिबंध आज आपण ज्याला तान्ह्या बाळाचा अकस्मात मृत्यू म्हणतो त्याच्याशी जुळतो. आणि त्यामागे गरोदरपणातही शेतात करावं लागणारं कष्टाचं काम असावं असं त्याने मांडलं. म्हणजे ज्या गोष्टीला कारण म्हणायला हवं होतं, ती नेहमीची म्हणून दिसली नाही, आणि जिचं मूल गेलं तिच्यावरच ठपका आला. शंभराहून अधिक वर्षं तो तसाच राहिला.

आता कोणी म्हणेल, म्हणजे प्रश्न अज्ञानाचा होता, वैद्यकशास्त्र सुधारलं की सुटेल. तसं नाही. कधीकधी कॉरोनर स्पष्टपणे खरं सांगत होता. फ्रेडरिक डग्लसने 1845 च्या आपल्या आत्मकथनात मेरीलँडच्या टॅल्बट काउंटीतली, म्हणजे अशाच एका ग्रामीण काउंटीतली हकीकत दिली आहे. त्याच्या बायकोची चुलत बहीण, पंधरा-सोळा वर्षांची, मालकिणीचं मूल सांभाळताना झोपी गेली. मूल रडलं. मालकिणीने लाकडाच्या ओंडक्याने मारून तिचा जीव घेतला. तिला लगेच पुरलं. काही तासांत कॉरोनरने प्रेत उकरायला लावलं, तपासलं आणि निर्णय दिला: जबर मारहाणीने मृत्यू. अटकेचं वॉरंटसुद्धा निघालं. ते कधी बजावलं गेलं नाही. इथे नाव बरोबर दिलं होतं. पण त्या नावाला पुढे चालायला पाय नव्हते.

आणि मग येतं 1876 साल. युद्ध संपलं होतं, गुलामगिरी गेली होती, साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीय पुरुष मत देत होते, ज्युरीवर बसत होते. एजफील्डचा काही भाग तोडून 1871 मध्ये एकेन काउंटी झाली, त्यात सव्हाना नदीकाठी हॅम्बुर्ग हे कृष्णवर्णीयांचं गाव होतं. तिथला न्यायाधीश प्रिन्स रिव्हर्स हा एके काळचा गुलाम आणि नंतर उत्तरेच्या सैन्यातला सार्जंट. 4 जुलैला कृष्णवर्णीय मिलिशियाच्या कवायतीवरून आणि दोन गोऱ्यांची गाडी अडल्यावरून वाद झाला. 8 जुलैला शेकडो सशस्त्र गोरे जमले, पलीकडच्या ऑगस्टाहून तोफ आणली. सहा कृष्णवर्णीय मारले गेले, त्यातले काही पकडल्यानंतर रात्री एकेक करून. एक गोरा तरुण, मॅकी मेरिवेदर, लढाईत मेला.

यानंतर कॉरोनरच्या ज्युरीने जे केलं ते या शतकातल्या कागदांत वेगळं उठून दिसतं. तिने 94 गोऱ्या पुरुषांना जबाबदार धरलं. त्यातल्या एकावरही खटला चालला नाही. गोऱ्या बाजूचा पुढारी, एजफील्डचा मॅथ्यू बटलर, पुढच्या वर्षी सिनेटर झाला. त्या जमावातला बेन टिलमन 1890 मध्ये गव्हर्नर झाला, मग सिनेटर, आणि हॅम्बुर्गला आपण होतो हे तो जाहीर भाषणांत अभिमानाने सांगत राहिला. 1895 च्या ज्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचं मत व्यवहारात काढून घेतलं तिचा तो मुख्य कर्ताधर्ता. 1916 मध्ये मेरिवेदरच्या नावाने दगडी स्मारक उभं राहिलं. सात मेले, दगड एकाचा.

आणि त्यानंतरच्या दशकांत दक्षिणेतल्या इन्क्वेस्टमध्ये एक वाक्य जणू शिक्का मारावा तसं येऊ लागतं: ‘अज्ञात इसमांच्या हातून मृत्यू’. दिवसाढवळ्या, शेकडो लोकांसमोर झाडाला टांगलेल्या माणसाबद्दल हे वाक्य. कधी त्याचे फोटो काढलेले, त्यांची पोस्टकार्डं विकलेली. तरी अज्ञात.

94 नावं आणि एकही नाव नाही, या दोन्हींमध्ये काय बदललं? शवविच्छेदनाचं तंत्र मागे गेलं का? उलट पुढे गेलं होतं. बदललं ते एवढंच, की ज्युरीच्या बाकावर कोण बसतं. म्हणून आमचं म्हणणं असं: मृत्यूचौकशीत जे कळतं त्याची मर्यादा विज्ञान ठरवतं हे खरं, पण त्याआधी एक मर्यादा असते, ती पंच कोण हे ठरवतं.

आता बेरींकडे परत जाऊ. मोजणीने जीव वाचतात हे ते सांगतात आणि पटकीच्या किंवा देवीच्या साथीबद्दल ते शंभर टक्के खरं आहे. पण एजफील्डच्या कागदांचे कप्पे केले, खून इतके, आत्महत्या इतक्या, बालहत्या इतक्या, अपघात इतके, नैसर्गिक इतके, की बहुतेक वेळा त्या बारा जणांचं नामकरणच आपण आकडा म्हणून पुढे नेतो. शेजाऱ्यांची तडजोड तक्त्यात जाऊन बसली की ती वस्तुस्थितीसारखी दिसते. म्हणून निकालाचा रकाना सगळ्यात शेवटी वाचावा. आधी साक्षी वाचाव्यात. कारण निकाल एका ओळीचा असतो, पण त्या ओळीपर्यंत पोचायला लेखनिकाने दोन-तीन पानं साक्षी उतरवलेल्या असतात, आणि त्यांत निकालाला न पेलणाऱ्या गोष्टी शिल्लक राहतात: ओरडणं किती वेळ ऐकू येत होतं, पाठीवर वळ कसे होते, मालक किती प्यायला होता. ज्या ज्युरीने ‘देवाची करणी’ लिहिलं, तिच्याच कागदात वळांचं वर्णन असू शकतं.

या आक्षेपाला एक चांगलं उत्तर आहे, ते आम्ही लपवणार नाही. आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने 1895 मध्ये ‘अ रेड रेकॉर्ड’ हे पुस्तक काढलं. त्यात लिंचिंगचे आकडे दिले, आणि ते तिने ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्या वर्तमानपत्रातून घेतले, म्हणजे कोणी अतिशयोक्तीचा आरोप करू नये. दक्षिणेतले लोक म्हणत, की लिंचिंग होतं ते बायकांवरच्या अत्याचारापोटी. तिने त्यांचेच आकडे मांडून दाखवलं, की बहुसंख्य प्रकरणांत तसा आरोपसुद्धा नव्हता. जॉन्सनने बाळांच्या बाबतीत पुढे हेच केलं. तेव्हा मोजणी वाईट असं आम्ही म्हणत नाही. नावावर संशय घेऊन मोजलं तर मोजणी नावाला उलटं पाडू शकते. नाव जसंच्या तसं घेऊन मोजलं तर ती नावालाच पक्कं करते.

आता कबूल केल्याप्रमाणे घरी येऊ. हीच इंग्रजी कायद्याची वेल आपल्याकडेही चढली आहे. 1871 च्या कॉरोनर्स अॅक्टने मुंबई आणि कलकत्ता या शहरांना कॉरोनर दिला. मुंबईत ते पद 1999 पर्यंत होतं. बाकी महाराष्ट्रात पोलीस पाटील वर्दी देतो, पोलीस येऊन प्रेताचा पंचनामा करतात, आणि वर्तमानपत्रात आपण वाचतो, ‘अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली’. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174, आता 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194, सांगतं की हा पंचनामा शेजारच्या दोन किंवा अधिक ‘प्रतिष्ठित’ रहिवाशांसमोर व्हावा आणि त्यात मृत्यूचं ‘दिसणारं’ कारण नोंदवावं. हे दोन शब्द घेऊन घरी जा. प्रतिष्ठित कोण? आणि कोणाला दिसणारं?

1983 मध्ये आपल्या संसदेने या कलमात एक भर घातली. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत स्त्री संशयास्पद रीतीने मेली, किंवा तिने आत्महत्या केली, तर प्रेत तपासणीसाठी डॉक्टरकडे पाठवायचं. ‘स्टोव्हचा भडका उडून’ हे शब्द ज्यांना आठवतात त्यांना ही भर का लागली ते सांगायला नको. तोवर त्या घरातली माणसं, त्या गल्लीतले प्रतिष्ठित पंच, जे दिसलं ते लिहीत होते. स्वयंपाकघरात स्टोव्ह रोजचा, म्हणून तो निमित्त ठरायला सोयीचा. हुंडा रोजचा, म्हणून तो दिसायचा नाही. एजफील्ड आणि आपलं गाव एक आहे असं म्हणायचं नाही. वंशाधारित गुलामगिरीचा इतिहास वेगळा आहे, तो कोणत्याही दुसऱ्या इतिहासात विरघळवू नये. पण शेजाऱ्यांच्या शपथेवर उभी असलेली चौकशी कुठे कुठे घसरते, हे त्या कागदांइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसतं.

तेव्हा उद्या सकाळी ‘अज्ञात इसमांविरुद्ध गुन्हा’ अशी बातमी वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. अज्ञात कोणाला? तपास अधिकाऱ्याला, की गावाला? पहिल्यात शोध लागतो. दुसऱ्यात सगळं आधीच लागलेलं असतं, फक्त म्हणायचं राहिलेलं असतं. त्या एकोणिसाव्या शतकातल्या 94 नावांचं काही झालं नाही हे खरं, पण ती नावं लिहिली गेली म्हणूनच आज आपण ती मोजू शकतो. निदान लिहिणं तरी पंचांच्या हातात होतं, आणि त्यांनी ते केलं.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील ते जरूर विचारा.